स्टॅनली पार्कची सागरी फेरी : व्हँकूव्हरमध्ये सायकल चालवणाऱ्या नवख्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहराच्या मध्यवस्तीला लागूनच सुमारे ४०० हेक्टरांचे स्टॅनली पार्क आहे. १८८८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांचे नाव मिळालेले हे उद्यान म्हणजे आखीव हिरवळींची बाग नव्हे. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूशिरावरचे ते जंगल असून त्यात डग्लस फर, हेमलॉक आणि लाल सीडर यांचे उंच वृक्ष दाटीने उभे आहेत. या भूशिराच्या कडेने दगडी समुद्रभिंत बांधलेली आहे आणि तिच्या माथ्यावरून फरसबंद वाट जाते. स्थानिक लोक तिला नुसते ‘सीवॉल’ म्हणतात. उद्यानाभोवतीची पूर्ण फेरी नऊ ते दहा किलोमीटरची भरते आणि चढ जवळजवळ नाहीच. कित्येक वर्षांत सायकलला हात न लावलेल्या माणसालाही ती झेपते. म्हणूनच मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे काही महिने राहायला गेलेल्या मराठी पाहुण्यांना ही फेरी आवर्जून सुचवावीशी वाटते.

मात्र ही सोपी फेरी एका अटीने बांधलेली आहे. उद्यानाभोवतीच्या भिंतीवर सायकल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट चालवावी लागते. देवळातल्या प्रदक्षिणेच्या नेमकी विरुद्ध अशी ही फेरी असते आणि संपूर्ण वाटेत समुद्र आपल्या उजव्या हाताला राहतो. मागे राहिलेले ठिकाण पाहायला सायकलवरून परत फिरता येत नाही. त्यामुळे कुठे थांबायचे, कुठे पाणी प्यायचे, कुठे स्वच्छतागृहात जायचे आणि सूर्य मावळताना आपण कोणत्या किनाऱ्यावर असायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. पुढचे बरेचसे मार्गदर्शन या एका नियमातूनच निघते.

वेळ आणि हवामान

सायकलवाट बव्हंशी कोरडी मिळण्याचे महिने जुलै आणि ऑगस्ट होत. मे, जून व सप्टेंबरही चांगले असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात व्हँकूव्हरमध्ये पावसाची रिपरिप सुरू राहते. आपल्याकडच्या आषाढसरींसारखा तो कोसळत नाही, पण दिवसदिवस थांबतही नाही, आणि ओल्या थंडीत हाताची बोटे ब्रेकवर आखडतात. हिवाळ्यात समुद्राला उधाण असताना वादळ आले, तर लाटा थेट भिंतीवरून वाटेवर येतात. जानेवारी २०२२ मध्ये अशाच उधाणाने पश्चिमेकडील भिंतीची मोठी मोडतोड झाली होती. म्हणून डिसेंबर-जानेवारीत निघायचे असल्यास हवामानाबरोबर भरतीची वेळही पाहावी.

दिवसातली वेळ ठरवताना दिशेचा नियम आपल्या कामी येतो. फेरी पूर्वेच्या बंदराकडून सुरू होते, उत्तरेच्या सामुद्रधुनीला वळसा घालते आणि शेवटी पश्चिमेच्या पुळणींवर उतरते. सूर्यास्तापूर्वी साधारण अडीच तास निघालेला माणूस बंदराचा भाग तिरप्या उन्हात पाहतो आणि मावळतीला थर्ड बीच किंवा सेकंड बीचवर पोहोचतो. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळत असल्याने संध्याकाळचे जेवण आटोपूनही निघता येते. डिसेंबरात मात्र सव्वाचारच्या सुमारास अंधारून येते. वाटेचा बराचसा भाग दिव्यांविना असल्यामुळे अंधारात सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, तो तिथल्या कायद्यानेही आवश्यक आहे. लहान मुले बरोबर असतील किंवा सायकलची सवय पार मोडली असेल, तर सूर्यास्ताचा मोह सोडून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जावे. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या दुपारी ही वाट इतकी भरते की नवख्याला तोल सांभाळण्यापुरतीही मोकळी जागा मिळत नाही.

सायकल घेताना

उद्यानाच्या तोंडाशी, डेनमन स्ट्रीट आणि जॉर्जिया स्ट्रीट यांच्या आसपास, सायकली भाड्याने देणारी अनेक दुकाने आहेत. मध्यवस्तीतील बरार्ड या मेट्रो स्थानकावरून तिथे चालत वीसेक मिनिटांत पोहोचता येते. ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड जवळ ठेवावे. हेल्मेट व कुलूप बहुधा भाड्यातच मिळते, तरी विचारून घ्यावे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९६ पासून सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे आणि तो नियम प्रौढांनाही लागू आहे. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटांपेक्षा जास्त ढिलाई नसावी.

सायकल निवडताना गिअरच्या संख्येपेक्षा बैठकीची उंची महत्त्वाची आहे. ज्यांना आत्मविश्वास कमी आहे त्यांनी सीट इतकी खाली करून घ्यावी की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. गुडघ्यांना त्यामुळे थोडा जास्त ताण पडतो, पण दहा किलोमीटरांच्या सपाट वाटेवर तो सोसण्याजोगा असतो आणि गर्दीत पटकन पाय टेकता येण्याचा दिलासा फार मोठा असतो. सलवार-कमीज घालणाऱ्यांनी मधला दांडा खाली वळवलेली सायकल मागावी आणि ओढणी आवळून बांधावी किंवा पिशवीत ठेवावी. पायघोळ कपड्याची साखळीकडची बाजू मोज्यात खोचावी किंवा रबराने बांधावी.

ब्रेकची खात्री दुकानाच्या दारातच करावी, कारण इथे भारतीय हाताची सवय फसवी ठरते. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर उजव्या हातातला ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिकडे तो सहसा मागच्या चाकाचा असतो आणि पुढच्या चाकाचा डाव्या हातात येतो. घाईत डावा ब्रेक एकदम आवळला, तर पुढचे चाक जागीच थांबून माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. काही बीच क्रूझर सायकलींना हातात ब्रेकच नसतो, पॅडल उलटे दाबले की त्या थांबतात. कोणत्या प्रकारची सायकल हाती आली आहे ते ओळखून दुकानासमोर चार-पाच वेळा थांबून पाहावे. नंतरच रस्त्यावर यावे आणि तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते हे मनात घोळवत राहावे. दुकानापासून उद्यानापर्यंतचा रस्ता अगदी थोडा आहे, पण सबंध फेरीत मोटारींशी गाठ पडते ती इथेच. वाटले तर तेवढे अंतर सायकल हाताने ढकलत न्यावी.

वाटेवरची शिस्त

भिंतीवरची वाट बहुतेक ठिकाणी दोन भागांत विभागलेली आहे. समुद्राकडचा भाग चालणाऱ्यांचा आणि जंगलाकडचा सायकलींचा. काही ठिकाणी दोन्हींची पातळी वेगळी आहे, काही ठिकाणी फक्त रंगवलेली रेघ आहे, तर काही अरुंद जागी दोन्ही प्रवाह एकत्र येतात. अशा जागी ‘उतरून चाला’ अशा अर्थाची पाटी असते आणि ती पाळावी लागते. वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे. पुढच्याला ओलांडायचे असल्यास घंटी वाजवून त्याच्या डावीकडून जावे. छायाचित्र काढायचे असेल तर आधी मागे पाहावे, मग वाटेच्या कडेला जाऊन पूर्ण थांबावे. चालत्या सायकलवर एका हाताने फोन धरणाऱ्यांमुळे स्वतःला आणि मागून येणाऱ्यालाही धोका होतो.

पहिला टप्पा : बंदराकडची बाजू

जॉर्जिया स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या डेव्होनियन हार्बर पार्कमधून पाण्याच्या कडेची वाट पकडली की उजवीकडे कोल हार्बरमधल्या नौका आणि त्यांच्या मागे शहराच्या काचेच्या इमारती दिसू लागतात. इथले पाणी शांत असते, वाट रुंद असते आणि हात-पाय सैल करण्यासाठी हा पहिला दीड किलोमीटर उत्तम आहे. नौकानयन मंडळाची जुनी इमारत मागे टाकल्यावर एका छोट्या बेटाकडे जाणारा रस्ता लागतो. हे डेडमन्स आयलंड. तिथे नौदलाच्या राखीव दलाचा तळ असल्यामुळे सर्वसामान्यांना प्रवेश नाही.

थोड्याच अंतरावर पहिला मोठा थांबा येतो, तो टोटेम खांबांचा. सायकलला कुलूप लावून आत चालत जावे. लाल सीडरच्या अखंड खोडांतून कोरलेले हे उंच खांब देवमूर्ती नाहीत, आणि त्यांच्यापुढे हात जोडणेही अप्रस्तुत आहे. गरुड, अस्वल, देवमासा, कावळा अशा आकृत्यांमधून एखाद्या घराण्याची वंशकथा, हक्क आणि मानमरातब त्यांवर मांडलेले असतात. यांपैकी बरेच खांब किनाऱ्यावरच्या दूरदूरच्या आदिवासी राष्ट्रांच्या परंपरेतले आहेत. ज्यांच्या भूमीवर हे उद्यान उभे आहे त्या मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउतुथ लोकांच्या कलेला इथे ठळक जागा मिळाली ती बरीच उशिरा. २००८ मध्ये मस्क्विअम कलावती सुझन पॉइंट यांनी कोरलेली प्रवेशद्वारे उभी राहिली, ती या दृष्टीने लक्षपूर्वक पाहावीत.

पुढच्या वळणावर पाण्याकडे तोंड करून एक तोफ ठेवलेली आहे. १८१६ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे ओतलेली ही तोफ रोज रात्री नऊ वाजता डागली जाते. त्या वेळी जवळपास असाल तर कानांवर हात ठेवावेत आणि लहान मुलांना आधी कल्पना द्यावी. तिथून ब्रॉक्टन पॉइंटच्या लाल-पांढऱ्या दीपगृहाशी वाट जोरात डावीकडे वळते. शहराची बाजू संपून समोर उत्तरेचे डोंगर उभे राहतात. वळणावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून आधीच वेग कमी करावा.

दुसरा टप्पा : सामुद्रधुनी आणि पूल

इथे वारा बदलतो. बंदराच्या बाजूला न जाणवलेली झुळूक आता समोरून लागू शकते, म्हणून कमरेला बांधलेले जाकीट अंगात घालावे. पलीकडच्या काठावर पिवळाधमक ढीग दिसतो, तो निर्यातीसाठी साठवलेल्या गंधकाचा. पाण्यातल्या खडकावर बसलेली कांस्य आकृती पाहून बरेच प्रवासी तिला जलपरी समजतात. प्रत्यक्षात ती पाणबुड्याचा पोशाख घातलेली स्त्री आहे आणि हे शिल्प १९७२ पासून तिथे आहे. भरतीला पाणी तिच्या खडकापर्यंत चढते, ओहोटीला मात्र ती बरीच उंचावर बसल्यासारखी वाटते.

त्यानंतर लंबरमन्स आर्च येतो. उन्हाळ्यात इथे मुलांसाठी पाण्याचे खेळ असतात, हिरवळ आहे, खाण्याचा स्टॉल आहे आणि स्वच्छतागृहही आहे. याच परिसरात ख्वायख्वाय नावाचे आदिवासींचे गाव होते. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचा तिथे मोठा थर साचलेला होता. १८८८ मध्ये उद्यानाचा रस्ता आखताना तो थर खणून काढला गेला आणि तेच शिंपले रस्त्यावर पसरले गेले. हे ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून मिरवले जाणारे जंगल माणसांच्या वस्तीचे होते, याचा यापेक्षा थेट पुरावा नसेल.

लंबरमन्स आर्च मुळीच टाळू नये, याचे व्यावहारिक कारण वेगळेच आहे. इथून थर्ड बीचपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरांत डावीकडे उंच कडा आणि उजवीकडे समुद्र असतो. या पट्ट्यात दुकान किंवा स्वच्छतागृह मिळत नाही आणि बाहेर पडण्याच्या वाटाही मोजक्याच आहेत. पाण्याची बाटली इथेच भरून घ्यावी. ज्येष्ठांना किंवा मुलांना थकवा जाणवत असेल, टायरमधली हवा कमी वाटत असेल, तर निर्णय इथेच घ्यावा. उद्यानातील रस्त्याने बसने किंवा टॅक्सीने परतणे इथून सोपे आहे. पुढे गेल्यावर ते कठीण होते.

कड्याच्या पायथ्याशी पोहोचल्यावर डोक्यावरून लायन्स गेट पूल जातो. १९३८ मध्ये वाहतुकीसाठी खुला झालेला हा झुलता पूल पाण्यापासून सुमारे ६० मीटर उंच आहे, आणि नशीब असेल तर त्याच्याखालून एखादे प्रचंड मालवाहू जहाज हळूहळू सरकताना दिसते. अशाच जहाजांमुळे ही भिंत बांधावी लागली. सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांच्या लाटांनी इथला मऊ वालुकाश्म झिजत चालला होता आणि किनारा ढासळत होता. १९१७ मध्ये सुरू झालेले काम तुकड्या-तुकड्यांनी चालत राहिले आणि १९७१ मध्ये फेरीचा शेवटचा दुवा जुळला. स्कॉटलंडहून आलेले गवंडी जेम्स कनिंगहॅम यांनी सुमारे तीन दशके हे काम पाहिले. निवृत्तीनंतरही ते इथे येत राहिले. १९६३ मध्ये ते वारले, तेव्हा फेरी पूर्ण झालेली नव्हती. त्यांच्या नावाची पाटी पुढे सिवॉश रॉकजवळ कड्यात बसवलेली आहे. सायकलवरून ती सहज निसटते, म्हणून मुद्दाम शोधावी.

सिवॉश रॉक हा पाण्यातून सरळ वर आलेला सुळका आहे. आजूबाजूचा वालुकाश्म झिजून गेला, पण सुमारे ३.२ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसातून घट्ट झालेला हा कठीण खडक टिकून राहिला. स्क्वामिश परंपरेत तो दगड झालेला पुरुष मानला जातो. ‘सिवॉश’ हा मूळ रहिवाशांसाठी हिणकसपणे वापरला गेलेला शब्द असल्यामुळे त्याच्या स्क्वामिश नावाचा आग्रह आता वाढतो आहे. आसपासच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात आणि पाण्यात अधूनमधून सीलचे डोके वर येते. थांबण्यासाठी सबंध फेरीत ही सर्वांत चांगली जागा आहे असे माझे मत आहे, पण वाट इथे अरुंद असल्याने सायकल कड्याला अगदी टेकवून उभी करावी.

वाट बंद असेल तर

पुलापासून थर्ड बीचपर्यंतच्या कड्यांवरून दगड सुटतात. सैल दगड पाडून टाकण्याच्या कामासाठी हा भाग बहुधा शरद ऋतूत काही दिवस बंद ठेवतात. डिसेंबर २००६ च्या वादळात उद्यानातील सुमारे दहा हजार झाडे पडली आणि दरडी कोसळल्या, तेव्हा तर तो कित्येक महिने बंद होता. म्हणून निघण्यापूर्वी शहराच्या उद्यान मंडळाच्या सूचना पाहाव्यात किंवा सायकलच्या दुकानात विचारावे. वाट बंद असताना वळसा मोटार रस्त्याने असतो आणि तो प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या टेकाडावर चढतो. हा चढ सरावलेल्यांना काहीच नाही, परंतु ज्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे त्यांनी त्या दिवशी पूर्ण फेरीचा हट्ट न धरता लंबरमन्स आर्चपाशी सायकल लावून आसपास पायी फिरावे, हे बरे. परतीसाठी सायकल भिंतीवरून उलट न नेता सूचना असलेल्या मार्गानेच न्यावी.

तिसरा टप्पा : पुळणी आणि लॉस्ट लगून

थर्ड बीचला कडा मागे सरकतो आणि वाळूची पुळण सुरू होते. बसायला ओंडके मांडलेले आहेत, खाण्यापिण्याची सोय आहे. सूर्यास्त पाहायचा तर इथेच बसावे. सेकंड बीचला पोहण्याचा तलाव, खेळाची जागा आणि मुलांची गर्दी असते. या भागात सायकलींनी कुठून जायचे याच्या पाट्या नीट पाहाव्यात.

सेकंड बीचजवळच्या सेपर्ली मैदानावर भारतीयांनी थांबलेच पाहिजे असे एक ठिकाण आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या १८२ क्रमांकाच्या उड्डाणातील ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जण मरण पावले. लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला येणाऱ्या त्या विमानात स्फोट घडवणारी बॅग व्हँकूव्हरच्या विमानतळावरून रवाना झाली होती. २००७ मध्ये इथे मृतांची नावे कोरलेली भिंत उभारली गेली आणि मृतांमध्ये असंख्य मुले होती म्हणून शेजारीच खेळण्याचे मैदान करण्यात आले.

सेकंड बीचनंतर दोन पर्याय उरतात. पहिला, लॉस्ट लगूनच्या बाजूने सायकलमार्गाच्या पाट्या पाहत जॉर्जिया स्ट्रीटकडे परतणे. हा जलाशय पूर्वी कोल हार्बरचाच भाग होता आणि ओहोटीला तिथे चिखल उघडा पडत असे. १९१६ मध्ये मधून रस्त्याचा बांध घातल्यावर तो समुद्रापासून तुटला. काठच्या सगळ्याच वाटांवर सायकल चालत नाही. ज्यांना सायकल नकोच वाटते अशा घरच्या ज्येष्ठांना याच जलाशयाभोवतीची सुमारे पावणेदोन किलोमीटरांची पायवाट देता येते, आणि फेरी करणाऱ्यांनी त्यांना इथेच भेटावे. मार्च ते ऑगस्ट या काळात जवळच्या टेनिस मैदानांच्या परिसरातील झाडांवर मोठ्या निळ्या बगळ्यांची वसाहत असते. त्या झाडांखाली उभे राहताना टोपी असावी. बदके, हंसबदके आणि रॅकून यांना काहीही खायला घालू नये.

दुसरा पर्याय इंग्लिश बेच्या किनाऱ्याने सरळ पुढे जाण्याचा. तिथून डेनमन स्ट्रीटने दुकानाकडे परतता येते, मात्र हा रस्ता मोटारींचा आणि किंचित चढाचा आहे.

न थांबता फेरी पाऊण तासात होते. वर सांगितलेले थांबे घेतले तर अडीच ते तीन तास धरावेत आणि दुकान बंद होण्याची वेळ लक्षात ठेवून सायकल तेवढ्या वेळेसाठी घ्यावी. तास शिल्लक असल्यास डेव्होनियन हार्बर पार्कपासून पूर्वेकडे शहराच्या काठाने हार्बर ग्रीन पार्कपर्यंत जावे. हा भाग उद्यानाबाहेरचा असल्याने तिथे दोन्ही दिशांना सायकल चालवता येते. तिथे कोमागाटा मारू जहाजाचे स्मारक आहे. १९१४ मध्ये ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन आलेले हे जहाज समोरच्याच बरार्ड खाडीत दोन महिने अडवून ठेवले गेले, दोन डझन प्रवाशांनाच उतरू दिले आणि २३ जुलै रोजी बाकीच्यांना परत पाठवले गेले. हे अंतर जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर आहे, त्यामुळे सायकल परत करण्याच्या वेळेतून अर्धा तास त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावा.